दुसऱ्या पृथ्वीचा शोध : निरीक्षणे, अनुमाने आणि मर्यादा

इ. स. १८५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास वेधशाळेचे प्रमुख कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांनी एक लक्षवेधी निष्कर्ष प्रसिद्ध केला. भुजंगधारी तारकासमूहातील '७० ऑफियुची' या जोडताऱ्याच्या कक्षेत त्यांना अनियमितता आढळली होती. तेथे डोळ्यांना न दिसणारी ग्रहासारखी एखादी वस्तू असण्याचा दाट संभव आहे, असे त्यांनी त्यावरून अनुमान काढले. सूर्याव्यतिरिक्त अन्य ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेला हा अगदी आरंभीचा दावा होय आणि तो भारताच्या भूमीवरून केला गेला. जेकब यांचे १८६२ मध्ये पुण्यात निधन झाले. पुढे १८९६ मध्ये अमेरिकेतील टॉमस सी यांनी याच ताऱ्याविषयी तसाच दावा केला. परंतु तशी रचना स्थिर राहू शकत नाही, हे फॉरेस्ट मोल्टन यांनी १८९९ मध्ये गणिताने दाखवून दिले. जेकब यांना भासलेला ग्रह अस्तित्वात नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये अशा परग्रहांची, म्हणजे इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची, नोंद झालेली संख्या ६,००० वर पोहोचली. तरीही सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सुमारे एका वर्षात फेरी पूर्ण करणारा, पृथ्वीएवढा आणि खडकाळ असल्याचे निर्विवादपणे सिद्ध झालेला एकही ग्रह या यादीत नाही. 'दुसरी पृथ्वी सापडली' अशा आशयाच्या बातम्या मात्र वारंवार वाचावयास मिळतात. ही विसंगती का निर्माण होते, हे समजून घ्यावयाचे तर ग्रह कसे शोधले जातात आणि त्या शोधातून नेमके काय सिद्ध होते, हे पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे. अपुऱ्या नमुन्यावरून समग्राविषयी निष्कर्ष काढण्याची अडचण या दोन्ही शास्त्रांत सारखीच असल्याने हा विषय त्याला जवळचा वाटतो.

ग्रह थेट का दिसत नाहीत?

ग्रह स्वयंप्रकाशी नसतो. दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीपेक्षा सुमारे एक हजार कोटी पट तेजस्वी आहे. शिवाय काही प्रकाशवर्षे अंतरावरून पाहिल्यास हे दोन्ही जवळजवळ एकाच बिंदूत सामावलेले दिसतील. ताऱ्याचा प्रकाश झाकून ग्रहाचे छायाचित्र घेण्याचे तंत्र विकसित झाले आहे. परंतु आतापर्यंत त्या तंत्राने दिसलेले ग्रह प्रामुख्याने तरुण, उष्ण, गुरूहून मोठे आणि ताऱ्यापासून दूर असलेले आहेत. पृथ्वीएवढ्या ग्रहासाठी हा मार्ग अद्याप खुला झालेला नाही.

त्यामुळे बहुतेक परग्रह अप्रत्यक्ष रीतीने शोधले गेले आहेत. शास्त्रज्ञ ताऱ्याचे निरीक्षण करतात आणि त्याच्या वर्तनातील सूक्ष्म बदलांवरून ग्रहाचे अनुमान काढतात. या क्षेत्रातील सर्व यश आणि सर्व चुका यांचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे.

ताऱ्याचे डोलणे

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो, पण वस्तुतः दोघेही आपल्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरत असतात. तारा जड असल्याने त्याची हालचाल अल्प असते. तारा आपल्याकडे येत असताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूकडे, तर दूर जाताना तांबड्या बाजूकडे सरकतात. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. या सरकण्यावरून ताऱ्याचा वेग, आणि वेगातील चढउतारावरून ग्रहाचा आवर्तनकाळ व वस्तुमान काढता येते.

मिशेल मेयर व दिदिए क्वेलोझ यांनी १९९५ मध्ये फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून याच पद्धतीने महाश्व तारकासमूहातील सुमारे ५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या '५१ पेगासी' या ताऱ्याभोवती ग्रह शोधला. तत्पूर्वी १९९२ मध्ये अलेक्झांडर वोल्श्चान व डेल फ्रेल यांनी एका स्पंदक ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे दाखविले होते. परंतु तो मृत ताऱ्याचा अवशेष होता. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिला ग्रह म्हणून १९९५ च्या शोधाचे महत्त्व आहे. मेयर व क्वेलोझ यांना २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा विभागून मिळाला. उरलेला निम्मा जेम्स पीबल्स यांना विश्वरचनाशास्त्रातील कार्यासाठी देण्यात आला.

या ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या सुमारे निम्मे, आणि त्याचे वर्ष मात्र अवघे ४.२ दिवसांचे. त्याच्या ओढीमुळे ताऱ्याच्या वेगात सेकंदाला पन्नासहून अधिक मीटरचा फरक पडतो. गुरूमुळे सूर्याच्या वेगात पडणारा फरक सेकंदाला सुमारे १२.५ मीटर आहे. पृथ्वीमुळे पडणारा फरक अवघा ९ सेंटिमीटर आहे. माणूस संथपणे चालतो त्या वेगाचाही हा लहानसा अंश होय. चिली देशातील 'एस्प्रेसो' हे वर्णपटमापक उपकरण ही अचूकता गाठण्याच्या उद्देशाने उभारण्यात आले. तथापि खरी अडचण उपकरणाची नसून ताऱ्याची आहे. ताऱ्याचा पृष्ठभाग सतत उकळत असतो, त्यावर डाग उमटतात व विरतात, आणि त्या हालचालींचा वेग सेकंदाला मीटरच्या घरात जातो. या गोंगाटातून ९ सेंटिमीटरचा संकेत वेगळा काढावयाचा आहे.

हे न साधल्यास काय होते, याचे उदाहरण 'ग्लीज ५८१ जी' या ग्रहाचे देता येईल. २०१० मध्ये त्याची 'वास्तव्ययोग्य' ग्रह म्हणून मोठी प्रसिद्धी झाली. २०१४ मधील विश्लेषणानुसार तो संकेत ग्रहाचा नसून ताऱ्याच्याच चुंबकीय घडामोडींचा होता.

अधिक्रमण पद्धती

८ जून २००४ आणि ६ जून २०१२ रोजी शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना भारतातील असंख्य विद्यार्थ्यांनी पाहिला होता. याला अधिक्रमण म्हणतात. दूरच्या ताऱ्यासमोरून ग्रह गेल्यास ठिपका दिसत नाही, पण ताऱ्याचे तेज किंचित घटते. ही घट ठरावीक कालांतराने पुन्हा पुन्हा होत असेल, तर तेथे ग्रह असण्याचा संभव निर्माण होतो. १९९९ मध्ये 'एचडी २०९४५८' या ताऱ्याबाबत असे अधिक्रमण प्रथमच नोंदले गेले.

येथील गणित सोपे आहे. सूर्याची त्रिज्या पृथ्वीच्या १०९ पट आहे. म्हणजे सूर्यबिंबाचे क्षेत्रफळ पृथ्वीबिंबाच्या सुमारे १२,००० पट आहे. साहजिकच पृथ्वी सूर्यासमोरून गेल्यास तेज केवळ बारा हजारांत एका भागाने कमी होईल. ही घट फार तर १३ तास टिकेल आणि वर्षातून एकदाच होईल. आवर्तन निश्चित करण्यासाठी किमान तीन अधिक्रमणे दिसावी लागतात, म्हणजे तीन वर्षे अखंड निरीक्षण हवे. त्यातही ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असली पाहिजे. पृथ्वी-सूर्यासारख्या जोडीच्या बाबतीत असे घडण्याची शक्यता सुमारे २१५ मध्ये एक आहे.

डॉप्लर पद्धतीने ग्रहाचे किमान वस्तुमान कळते, तर अधिक्रमणातून त्याची त्रिज्या कळते. दोन्ही उपलब्ध झाल्यास घनता काढता येते आणि ग्रह खडकाळ आहे की वायुमय, याचा उलगडा होऊ लागतो. याशिवाय गुरुत्वीय भिंगाचा उपयोग करणारी पद्धत आणि ताऱ्याच्या आकाशातील स्थानाचे सूक्ष्म मापन करणारी पद्धतही वापरात आहे. जेकब यांनी वापरलेली पद्धत यांपैकी दुसऱ्या प्रकारात मोडते.

केपलर : चार नकारांनंतरची मोहीम

पृथ्वीच्या वातावरणामुळे ताऱ्यांचे तेज लुकलुकते. त्यामुळे बारा हजारांत एका भागाचा फरक टिपण्यासाठी दुर्बीण अवकाशात नेणे अपरिहार्य होते. नासाच्या एम्स संशोधन केंद्रातील विल्यम बोरुकी यांनी १९८४ पासून या कल्पनेचा पाठपुरावा केला. १९९२, १९९४, १९९६ आणि १९९८ असे चार वेळा त्यांचे प्रस्ताव नाकारले गेले. पुरेसे अचूक संवेदक उपलब्ध नाहीत, खर्चाचा अंदाज विश्वासार्ह नाही, हजारो ताऱ्यांचे तेज एकाच वेळी मोजता येणार नाही, यानाच्या सूक्ष्म कंपनांत संकेत हरवून जाईल, अशा शंका वेळोवेळी उपस्थित करण्यात आल्या. प्रत्येक नकारानंतर बोरुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या त्या शंकेचे निरसन करणारे प्रयोग केले. अखेर २००१ मध्ये मोहिमेची निवड झाली आणि मार्च २००९ मध्ये केपलर दुर्बीण अवकाशात गेली. हंस व स्वरमंडळ या तारकासमूहांच्या दिशेला असलेल्या सुमारे दीड लाख ताऱ्यांवर तिने चार वर्षे नजर ठेवली. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी मोहीम समाप्त झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा तिच्या नावावर २,६०० हून अधिक ग्रहांची नोंद होती.

सार्वजनिक खर्चाचा अभ्यास करणाऱ्यांना या इतिहासातून एक बोध घेण्यासारखा आहे. मूलभूत संशोधनाला निधी देताना कठोर परीक्षण हवेच. परंतु नाकारलेल्या प्रस्तावकाला सुधारणा करून पुन्हा येण्याची वाट मोकळी असणे आणि मधल्या काळात लहान प्रयोगांना आधार मिळणे हेही तितकेच आवश्यक आहे.

नमुन्यातील पक्षपात

पहिले सापडलेले परग्रह ताऱ्यालगत फिरणारे महाकाय ग्रह होते. विश्वात असेच ग्रह अधिक आहेत, असा अर्थ यातून निघत नाही. जड आणि जवळचा ग्रह ताऱ्याला जास्त डोलवितो, म्हणून तो आधी सापडला. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातील प्रवाशांना विचारून देशाचे सरासरी उत्पन्न काढावे, तसाच हा प्रकार होईल.

यावर उपाय नमुना पाहणीच्या शास्त्रातच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत निवडलेले एक कुटुंब अनेक कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते आणि त्यानुसार त्याला गुणक दिला जातो. त्याचप्रमाणे पृथ्वीच्या कक्षेसारख्या कक्षेत अधिक्रमण करणारा एक ग्रह दिसला, तर न दिसलेल्या सुमारे २१४ ग्रहांचा तो प्रतिनिधी मानावा लागतो. दीड लाख ताऱ्यांपैकी प्रत्येकाभोवती एकेक पृथ्वी असती, तरीही योग्य दिशेने कललेल्या कक्षा सुमारे ७०० च निघाल्या असत्या. त्यांतही सूर्यासारखे तारे अपेक्षेहून अधिक अस्थिर निघाल्याने संकेत अस्पष्ट झाले. मे २०१३ मध्ये दुर्बिणीचे दुसरे दिशानियंत्रक चाक निकामी झाल्याने मूळ निरीक्षणे थांबली. परिणामी सुमारे एका वर्षाच्या कक्षेतील लहान ग्रहांविषयीची माहिती तुटपुंजी राहिली.

म्हणूनच या संदर्भातील आकडे काळजीपूर्वक वाचले पाहिजेत. २०१३ मधील एका अभ्यासानुसार सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के ताऱ्यांभोवती पृथ्वीच्या एक ते दोन पट त्रिज्येचे, समशीतोष्ण कक्षेतील ग्रह असावेत. २०२० मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने सावधपणे आखलेल्या वास्तव्ययोग्य पट्ट्यात दर ताऱ्यामागे ०.३७ ते ०.६० ग्रह असा अंदाज दिला आणि त्याभोवतीची अनिश्चितताही मोठी असल्याचे नमूद केले. या दोन्ही अभ्यासांत ग्रहाच्या आकाराची मर्यादा आणि पट्ट्याची व्याख्या वेगवेगळी आहे. आपल्याकडे २०११-१२ या एकाच वर्षासाठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार दारिद्र्याचे प्रमाण २१.९ टक्के, तर रंगराजन समितीच्या पद्धतीनुसार २९.५ टक्के येते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. व्याख्या बदलली की आकडा बदलतो. त्यामुळे व्याख्या न सांगता दिलेल्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

'पृथ्वीसदृश' म्हणजे काय?

ज्या अंतरावर ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकते, त्या टापूला वास्तव्ययोग्य पट्टा म्हणतात. हा पट्टा काढताना ग्रहाला पृथ्वीसारखे वातावरण आहे, असे गृहीत धरलेले असते. ग्रह पट्ट्यात आहे, याचा अर्थ तेथे पाणी आहे असा होत नाही.

याचे सर्वोत्तम उदाहरण आपल्या शेजारीच आहे. शुक्राची त्रिज्या पृथ्वीच्या ९५ टक्के आणि वस्तुमान सुमारे ८२ टक्के आहे. दूरच्या ताऱ्यावरील एखाद्या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या सूर्यमालेचे निरीक्षण केले, तर आकार व घनता यांवरून तो शुक्राला निःसंकोचपणे 'पृथ्वीसदृश' ठरवील. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडच्या दाट आवरणामुळे शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस आहे. त्याचप्रमाणे 'केपलर-७८ बी' या ग्रहाची घनता पृथ्वीइतकीच आहे. परंतु तो साडेआठ तासांत ताऱ्याची फेरी पूर्ण करतो आणि त्याचा पृष्ठभाग वितळलेला असावा.

२०१५ मध्ये 'पृथ्वीचा थोरला भाऊ' म्हणून गाजलेल्या 'केपलर-४५२ बी' या ग्रहाचे वर्ष ३८५ दिवसांचे सांगितले गेले. त्याची त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे १.६ पट असल्याने तो खडकाळ आहे, याची खात्री नव्हतीच. पुढे २०१८ मधील फेरतपासणीत, केवळ केपलरच्या नोंदींच्या आधारे तो ग्रहच आहे असे ठामपणे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला.

वातावरणाचा वेध

सूर्यासारख्या ताऱ्यांबाबतच्या या अडचणींमुळे संशोधकांचे लक्ष लाल बटू ताऱ्यांकडे वळले. हे तारे लहान व मंद असल्याने ग्रहामुळे होणारी घट ठळक दिसते आणि वास्तव्ययोग्य पट्टा ताऱ्याजवळ असल्याने अधिक्रमणे वारंवार होतात. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी असलेल्या, ४.२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या 'प्रॉक्झिमा सेंटॉरी' या लाल बटूभोवती २०१६ मध्ये ११.२ दिवसांचे वर्ष असलेला ग्रह डॉप्लर पद्धतीने सापडला. कुंभ राशीतील सुमारे ४० प्रकाशवर्षे दूरच्या 'ट्रॅपिस्ट-१' या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे सात ग्रह असल्याचे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. तथापि लाल बटू ताऱ्यांवर तीव्र उद्रेक होतात. त्यांच्याजवळच्या ग्रहांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याचाही संभव असतो. अशा ठिकाणी वातावरण टिकते का, हा कळीचा प्रश्न आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये प्रक्षेपित झालेली जेम्स वेब दुर्बीण याच प्रश्नाचा वेध घेत आहे. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो आणि त्यातील वायूंच्या खुणा वर्णपटात उमटतात. ग्रह ताऱ्यामागे गेल्यावर घटणाऱ्या अवरक्त किरणांवरून त्याचे तापमानही मोजता येते. २०२३ मध्ये या दुसऱ्या रीतीने 'ट्रॅपिस्ट-१' च्या सर्वांत आतल्या दोन ग्रहांची तपासणी झाली, तेव्हा शुक्रासारखे दाट वातावरण आढळले नाही. वास्तव्ययोग्य पट्ट्यातील बाहेरच्या ग्रहांचा प्रश्न मात्र त्यामुळे निकालात निघत नाही.

सिंह राशीतील १२४ प्रकाशवर्षे दूरच्या 'के२-१८ बी' या ग्रहाची कथाही उद्बोधक आहे. २०१९ मध्ये तेथे पाण्याची वाफ असल्याचे जाहीर झाले. जेम्स वेबच्या २०२३ मधील निरीक्षणांत मात्र मिथेन व कार्बन डायऑक्साइड आढळले. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने, पृथ्वीवर सागरी सूक्ष्मजीव निर्माण करतात तशा गंधकयुक्त संयुगांचे संकेत मिळाल्याचे सांगितले. त्याच नोंदींचे अन्य गटांनी फेरविश्लेषण केले असता पुरावा पुरेसा नसल्याचे मत पुढे आले. हा ग्रह पृथ्वीच्या आठपटीहून अधिक जड असल्याने मुळात तो 'पृथ्वीसदृश' या संज्ञेत बसणे कठीण आहे.

चूक उलट दिशेनेही होऊ शकते. डिसेंबर १९९० मध्ये पृथ्वीजवळून गेलेल्या गॅलिलिओ यानाला आपल्या वातावरणात ऑक्सिजन व मिथेन एकत्र आढळले आणि ही जोडी जीवसृष्टीची खूण मानली जाते. परंतु पृथ्वीवर जीवसृष्टी अवतरल्यानंतरही शंभर कोटींहून अधिक वर्षे वातावरणात ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. त्या काळात कोणी दुरून पाहिले असते, तर ऑक्सिजनअभावी जिवंत पृथ्वीलाही निर्जीव ठरविले असते.

भारताचा सहभाग

अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबू येथील गुरुशिखर वेधशाळेत 'पारस' हे वर्णपटमापक उपकरण १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर बसविले. त्याच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या, पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाच्या ग्रहाची निश्चिती करण्यात आली. पुढे २.५ मीटर व्यासाची दुर्बीण आणि 'पारस-२' हे अधिक सक्षम उपकरण कार्यान्वित झाले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या उपक्रमात भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ 'बिभा' आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस' हे नाव देण्यात आले.

समारोप

जेकब यांच्यानंतर शतकभराने, १९६३ मध्ये, पीटर व्हॅन डी कॅम्प यांनी त्याच भुजंगधारी समूहातील 'बर्नार्डचा तारा' या जवळच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे जाहीर केले. १९७३ मध्ये हा दावा फोल ठरला; दिसलेले डोलणे ताऱ्याचे नसून दुर्बिणीच्या भिंगाच्या जुळवणीतील बदलांशी निगडित होते. २०२४ मध्ये 'एस्प्रेसो' उपकरणाने याच ताऱ्याभोवती एक लहान ग्रह खरोखरीच शोधला आणि २०२५ मध्ये त्यांची संख्या चार झाली. व्हॅन डी कॅम्प यांनी सांगितलेल्या ग्रहांशी या ग्रहांचे काहीही साम्य नाही. तेथे ग्रह असल्याचे त्यांचे म्हणणे खरे निघाले, पण त्यांचा पुरावा खोटाच राहिला.

नव्या 'पृथ्वी'ची बातमी वाचताना विद्यार्थ्यांनी काही प्रश्न विचारावेत. ग्रहाची त्रिज्या मोजली आहे, वस्तुमान मोजले आहे, की दोन्ही? तारा सूर्यासारखा आहे की लाल बटू? दुसऱ्या पद्धतीने किंवा दुसऱ्या गटाने दुजोरा दिला आहे का? वातावरणाचे मापन झाले आहे की ते केवळ गृहीत धरले आहे? युरोपीय अवकाश संस्थेची २६ कॅमेऱ्यांची 'प्लेटो' मोहीम तेजस्वी, सूर्यासारख्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधण्यासाठी आखण्यात आली आहे. तारे तेजस्वी असल्याने तिने शोधलेल्या ग्रहांचे वस्तुमान जमिनीवरील दुर्बिणींतून मोजणे शक्य होईल आणि यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच ग्रहाबाबत मिळू शकतील. चौथ्या प्रश्नासाठी मात्र आणखी मोठ्या दुर्बिणींची वाट पाहावी लागेल.